निम्मे करा जी

टप्!

चैत्रातल्या दुपारी सगळं घर निपचित पडलेलं असतं. प्रयागबाई पदर तोंडावर ओढून झोपलेल्या असतात, कोंबड्यासुद्धा माठाच्या गारव्याला बसून डुलक्या घेत असतात. अशा वेळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चमच्याच्या दांडीनं एका डब्याचं झाकण हळूच उचकटलं जातं. ते कितीही हळू उचकटलं, तरी शेवटी टप् करून वाजतंच. त्या आवाजानं मला जाग येते. कौशल्या एक क्षण श्वास धरून थांबते, सासूबाई कूस बदलत नाहीत ना याचा कानोसा घेते, आणि मग माझ्या अंगावरचे तांदूळ झटकून मला बाहेर काढते.

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. दुर्बिणीचं तांदळाच्या डब्यात काय काम, असं तुम्हाला वाटेल. त्याची एक गोष्ट आहे, पण ती एका बकरीपासून सुरू होते, आणि बकरीच्याही आधी बरंच काही झालं आहे. मला एकेक आठवू द्या. अलीकडे माझा फार गोंधळ होतो.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. अंगावर कारखान्याचं नाव कोरलेलं होतं, ते कुणाकुणाचे अंगठे फिरून पुसून गेलं. मला आठवतं ते कामठीच्या छावणीतलं एक अंधारं गोदाम. तिथं जुने बूट, फाटके तंबू आणि पाण्याच्या बाटल्या यांच्याबरोबर माझा लिलाव झाला. साल एकसष्ट. घेणारे होते मनोहरराव मास्तर. नागपुरात महालातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत. मी मनात म्हटलं, फौजेत शत्रू पाहिला, आता शाळेत काय पाहायचं?

मास्तरांनी मला पाखरं दाखवली.

दर रविवारी पहाटे ते सायकलीवर टांग टाकत आणि दीड तासावरच्या पिपरडोहाच्या तलावावर येत. हा तलाव काही मोठा नाही. पण होळी झाली की त्याचं पाणी उतरायला लागतं आणि मधोमध मुरमाचं एक बेट वर येतं. गोल, बोडकं, कासवाच्या पाठीसारखं. त्यावर एकच बाभूळ, तीही अर्धी वाळलेली. त्याआधी तलावावर हिवाळ्याचे पाहुणे असत. थापट्या बदकं, चक्रवाक, आणि समुद्रावरचे म्हणून ज्यांना लोक ओळखतात ते कुरव. समुद्राचे पक्षी आमच्या नागपुराकडे कशाला येतात, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पाहुणे उत्तरेकडे निघून गेले की बेटावर सुरय येत. पांढरे, सडपातळ, पिवळ्या चोचीचे, कात्रीसारख्या शेपटीचे. ते बेटावर उघड्या मुरमातच अंडी घालत. ना काडी, ना पान. एवढीशी खळगी, की झालं घर.

तलावाच्या पाळीवर चौकीदाराची दोन खोल्यांची चाळ होती. चौकीदार शालिकराम. रोज सकाळी पाण्यातली पट्टी वाचायची, वहीत आकडा लिहायचा, सांगितलं की तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, दार उघडायचं, एवढं त्याचं काम. त्याचं लग्न झालं आणि कौशल्या त्या चाळीत आली. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. मास्तर पाळीवर बसून डोळ्याला काय लावतात, हे ती पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन लांबून बघे. एक दिवस मास्तरांनीच तिला बोलावलं.

"बघतेस का?"

तिनं मला डोळ्यांना लावलं आणि दचकून मागे सरली. "अगं बाई! अंगावरच आलं न जी!"

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

मास्तरांच्या वहीत कुरवांची दोन नावं होती. एक पांढऱ्या डोक्याचा, तो दिवाळीनंतर येणारा. दुसरा काळपट डोक्याचा, तो होळीच्या सुमारास दिसणारा. मास्तर आठ वर्षं लिहीत होते : पांढरे गेले, काळे आले. कौशल्येनं ती वही वाचली आणि ती विचारात पडली. त्या वर्षी कुरवांत एक लंगडा होता, एकाच पायाचा. ती रोज दुपारी त्यालाच शोधायची. मास्तर मला आठवडाभर तिच्याजवळ ठेवून जाऊ लागले होते. माघात लंगड्याच्या कानामागे नुसता एक काळा ठिपका होता. मग डोळ्याभोवती धूर लागल्यासारखं झालं. आणि फाल्गुन सरता सरता त्याचं डोकं पार काळपट होऊन गेलं. पाय मात्र एकच.

"मास्तर," ती म्हणाली, "कोणी गेलं नाही न कोणी आलं नाही. हे तेच हायेत. गावाले जायच्या आधी नवं टोपरं घालून राहिले."

मास्तरांनी वहीची पानं उलटून पाहिली. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आठ वर्षं! अगं, आठ वर्षं मी एकाच पाहुण्याची दोनदा हजेरी मांडली!" त्यांनी वहीतल्या दोन नावांभोवती मिळून एक गोल काढला. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सायकल सुटली, तेव्हा त्यांनी मला कायमचं कौशल्येच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाले, "माझ्यापेक्षा तुझ्याकडं हिला बरं दिसेल."

मला फार अभिमान वाटला होता, मित्रांनो. तोच माझा सुखाचा काळ.

आता बकरी.

माझी पिशवी चामड्याची होती, गळ्यात अडकवायचा पट्टाही चामड्याचा. प्रयागबाईंनी मला चौकटीबाहेरच अडवलं. "चामड्याची वस्तू अन् माह्या चुलीपाशी? देव बसले हायेत तिथं! न्या तिकडं." मग माझी जागा ठरली गोठ्यातली खुंटी. दोन वर्षं मी तिथं लटकले. खाली बकरी बांधलेली असे. एक दिवस तिनं आधी पिशवी चघळली, मग पट्टा ओढला, आणि मी खाली दगडी डोणीच्या काठावर आपटले.

काच फुटली नाही. पण माझी उजवी नळी जराशी कलली. अगदी जराशी. मात्र तेव्हापासून माझे दोन डोळे एकमेकांचं ऐकत नाहीत. डावा दाखवतो ते इथं, उजवा दाखवतो ते थोडं बाजूला. एका बाभळीच्या दोन बाभळी, एका सुरयाचे दोन सुरय.

कौशल्या मला घेऊन प्रयागबाईंसमोर उभी राहिली. "आत्याबाई, चामडं तर बकरीनं खाल्लं. आता तरी येऊ द्या हिले घरात."

प्रयागबाईंनी मला उलटसुलट केलं. चामडं कुठं राहिलेलं नव्हतं, अंगावर होतं ते नुसतं काळं रबर. "हो, पण चुलीपासून दूर ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. काचेला ओल लागून बुरशी धरू नये म्हणून मास्तरांनी कोरड्या तांदळाची युक्ती सांगितली होती. अशी मी डब्यात आले. तरी उशीरच झाला होता. माझ्या डाव्या काचेच्या मधोमध बुरशीचं एक जाळं बसलं होतं, आणि उजव्या नळीतून एकट्यानं बघायचं तर कौशल्येला डावा डोळा मिटता येत नसे. हातानं काच झाकावी तर एका हातात मी स्थिर राहत नसे, आणि डोळा मिटायला गेली की दोन्ही मिटत. गोपिका, तिची सहा वर्षांची मुलगी, यावर खूप हसे.

म्हणून कौशल्येनं आपली रीत काढली. दोन्ही डोळ्यांनी पाहायचं, दिसतील तेवढे सगळे मोजायचे, आणि मग निम्मे करायचे. गोपिका मांडीशी बसून तिच्यासोबत मोजायची. "बेचाळीस!" ती ओरडायची, आणि लगेच स्वतःच, "निम्मे कर माय, एकवीस!" तिची बेरीज-वजाबाकी शाळेत सुरू व्हायची होती, पण निम्मं करणं तिला माझ्यामुळे येत होतं.

मला मात्र लाज वाटायची. मी खोटं दाखवते आणि या दोघी ते पुसून खरं करतात. पण खोटं तरी कसं म्हणू? माझा प्रत्येक डोळा आपल्यापुरतं खरंच सांगत होता.

आणि मग हा अठ्ठ्याहत्तरचा चैत्र आला.

आदल्या श्रावणात तलावाची पाळ पाझरली होती आणि खालच्या वस्तीच्या अंगणात पाणी शिरलं होतं. पाळ उंच करायचं ठरलं. त्यासाठी मुरूम पाहिजे, आणि मुरूम तर बेटातच होता, हाताशी. पाणी अजून थोडं उतरलं की ट्रॅक्टर थेट बेटावर जाणार होता. शालिकरामनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कौशल्येच्या हातातलं लाटणं थांबलं.

"अन् अंडी?"

"आता पाळ फुटू द्यायची का वं, पाखरांपायी?"

"पाळ नका फुटू देऊ. पण मुरूम टेकडीवरून बी येते. मृगाच्या आत पिल्लं उडून जातेत, मग न्या म्हणा बेट सगळंच."

त्या आठवड्यात तिनं चोरून-मारून सवड काढली. भाकरी झाल्यावर, गोपिका निजल्यावर, सासूबाईंचा डोळा लागल्यावर. एकेक ओळ लिहून तिनं अर्ज पुरा केला. शालिकराम तो घेऊन कचेरीत गेला, घाबरत घाबरतच. परत आला तो जरा उजळ चेहऱ्यानं.

"ओव्हरसियर साहेब येऊन राहिले शुक्रवारी. म्हणाले, स्वतः पाहीन. तिसाच्या वर घरटी असतील तर मी वर लिहितो, मुरूम टेकडीवरून आणू. दहा-पंधरासाठी मात्र काम अडवता येणार नाही म्हणे."

कौशल्येनं त्याच दुपारी मला काढलं. टप्! उन्हाच्या वेळी प्रत्येक सुरय अंड्यांवर ठाम बसलेला असतो, म्हणजे एक पाखरू तिथं एक घरटं. ती मोजत गेली, गोपिका मोजत गेली. बासष्ट.

"निम्मे कर माय!"

"एकतीस," कौशल्या म्हणाली, आणि तिनं मला छातीशी धरलं. तिचं काळीज धडधडताना मला ऐकू येत होतं. तिसाच्या वर एक.

शुक्रवारी कृष्णकांत साहेब जीपमधून उतरले. महालातलेच, मध्यम वयाचे, टोपीखालून घाम पुसणारे. माणूस वाईट नव्हता. गोपिकेला त्यांनी खिशातून संत्र्याची गोळी दिली. बेटावर जायची वाट अजून चिखलाची होती, म्हणून त्यांनी पाळीवरूनच मला मागून घेतलं. कौशल्या म्हणाली, "साहेब, बसा जी, चहा ठेवते, मग दाखवते." आणि ती आत गेली. तेवढीच तिची चूक. पाहुणा आला तर आधी चहा, एवढं तिच्या हाडात होतं.

साहेबांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी आयुष्यभर जमीन मापायच्या यंत्रातून पाहिलेलं. ते यंत्र एका डोळ्याचं. त्या सवयीनं त्यांनी डावा डोळा गच्च मिटला आणि माझ्या उजव्या नळीतून पाहिलं. मोजलं. एकतीस.

बरोबर! मित्रांनो, अगदी बरोबर! त्या क्षणी मी पूर्ण खरी होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आता लिहा, आता कागदावर लिहा!

"एकतीस," ते म्हणाले आणि त्यांनी खिशाचं पेन काढलं.

शेजारी गोपिका गोळी चोखत उभी होती. तिनं त्यांच्या बाहीला हळूच ओढलं.

"साहेब, निम्मे करा जी."

"काय गं?"

"ही एकाचे दोन दाखवते. माही माय रोज निम्मे करते. विचारा बाबाले."

साहेबांनी शालिकरामकडं पाहिलं. "खरं का रे?"

"हो जी साहेब," शालिकराम म्हणाला. कारण ते खरंच होतं. "बकरीनं पाडली तेव्हापासून दोन दाखवते."

"मग आधी सांगायचं नाही का?" साहेबांनी एकतीसचे निम्मे केले. साडेपंधरा आले. अर्धं पाखरू कसं असेल, याचा विचार करायला तरी त्यांनी थांबायला हवं होतं. पण ते हसले, "अर्धा सोडून देऊ," म्हणाले, आणि त्यांनी कागदावर लिहिलं : पंधरा.

कौशल्या चहा घेऊन आली तेव्हा पेनाला टोपण लागलेलं होतं.

"पंधरा? नाही जी साहेब, एकतीस हायेत!"

"बाई, तुमच्या मुलीनंच सांगितलं. निम्मे करायचे म्हणून."

"पण तुमी एक डोळा झाकला असन! झाकला का नाही? दोनी उघडून पाहाल तेव्हाच दोन दिसते."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून मला पुन्हा उचललं. या वेळी दोन्ही डोळे उघडे. ऊन लवलवत होतं, पांढरी पाखरं पांढऱ्या पाखरांत मिसळत होती. ते मोजून थकले. "आता बासष्ट दिसतात!"

"त्याचे निम्मे एकतीस, साहेब."

"आणि मघाचे एकतीस?"

"ते बी एकतीसच."

"एकदा निम्मे करायचे, एकदा नाही करायचे?" त्यांनी मला खाली ठेवलं, जराशा भीतीनंच. "बाई, अर्ध्या तासात या यंत्रानं मला तीन आकडे दिले. पंधरा, एकतीस, बासष्ट. वर कोणता सांगू? आणि रागावू नका, पण तिसाच्या वर पाहिजेत हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं. पोरीला ठाऊक नव्हतं. लहान मूल कशाला खोटं बोलेल?"

"ती खोटं नाही बोलली जी," कौशल्या म्हणाली. "पण…"

त्या पणच्या पुढं तिला सांगता येईना. तिच्या जागी मी असते तर मलाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी चहा घेतला. जाताना, आपण काही दगड नाही हे दाखवावं तसं म्हणाले, "असं करू. पंधरा घरट्यांना अर्धं बेट पुरेल. मधून फक्कीची रेघ मारा शालिकराम. रेघेच्या अलीकडं कोणी हात लावणार नाही, माझा शब्द. पलीकडचा मुरूम सोमवारपासून काढू."

त्यांनी शब्द दिला, आणि तो ते पाळतीलही. त्यांना वाटतं, त्यांनी सगळी पाखरं वाचवली. माझा गोंधळ इथंच होतो, मित्रांनो. कोणीच खोटं बोललं नाही. साहेब नाही, शालिकराम नाही, गोपिका नाही. माझे दोन डोळेसुद्धा नाहीत. मग हे खोटं कुठून आलं?

प्रयागबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "माह्या चामड्याच्या सोवळ्यानं झालं वं हे सारं," असं एकदाच म्हणाल्या. कौशल्येनं त्यांच्या ताटात भाकर वाढली.

शनिवारी सकाळी शालिकराम गुडघाभर चिखलातून बेटावर गेला. एका हातात फक्कीचं घमेलं, पायाखाली अंडं येऊ नये म्हणून नजर खाली. सुरय उठले आणि त्याच्या डोक्यावर किर्र किर्र करत घिरट्या घालू लागले. कौशल्या पाळीवर मला घेऊन बसली, मांडीशी गोपिका. बेटाच्या मध्यावर, बाभळीपाशी, तो थांबला आणि हात वर करून ओरडला, "इथून टाकू का वं?"

तिनं मला डोळ्यांना लावलं. हातानं खूण केली, पुढं.

तो चार पावलं गेला. "इथून?"

पुढं.

तो परत थांबला, परत वळून पाहिलं. त्याला कळलं होतं. तिलाही कळत होतं की नोकरी त्याची आहे. तो आणखी सहा पावलं पुढं सरकला आणि मग त्यानं मान हलवली. आता बस. फक्कीची पांढरी रेघ मुरमावर पडत गेली. माझ्या दोन डोळ्यांना त्या एका रेघेच्या दोन रेघा दिसत होत्या, आणि खरी कोणती, ते मला त्या वेळी खरंच सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं पाखरं खाली उतरली. आपापल्या खळगीवर, आधी जिथं होती तिथंच. एक तर रेघेवरच बसलं, फक्कीनं पोट पांढरं करून. कौशल्येनं मोजलं, निम्मे केले. अलीकडं अठरा. पलीकडं तेरा.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काही मागायचं असतं. मी एवढंच मागते. घरातल्या जुन्या वस्तूला खुंटीवर विसरू नका. ती पडली तर दुरुस्त करून घ्या, तिच्या खोडीला नुसते सरावून जाऊ नका. आणि ती वापरायला दुसऱ्याच्या हाती देताना तिची खोड पूर्ण सांगा, अर्धी नको. अर्धी सांगितलेली खोड फार महागात पडते, आणि ती ज्यांना महागात पडते, त्यांना आपण काही सांगूही शकत नाही.

कौशल्या मला पदरानं पुसत होती. आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. डब्यात ठेवायची वेळ झाली होती, चुलीवर वरण उकळत असणार, तरी ती उठत नव्हती. गोपिकेनं माझ्यातून बेटाकडं पाहून घेतलं होतं. 'निम्मे कर माय' असं ती या वेळी ओरडली नाही. ती आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून त्या पांढऱ्या रेघेकडं बघत राहिली. मग म्हणाली,

"माय, रेघेच्या तिकडल्या पाखराइनं काय केलं होतं वं?"